पहिलं चित्र भुंगेऱ्याचं की मांजरीचं?

पेन्सिलीने सजीव काढायला शिकायचं ठरलं की बहुतेक जण मांजर, कुत्रा किंवा घोड्यापासून सुरुवात करतात. जे आवडतं ते कागदावर उतरावंसं वाटणारच. मीही मांजरीपासूनच सुरुवात केली होती. तीन महिने फोटो समोर ठेवून काढत होते. डोळे जमायला लागले, कानही जमले. पण मान खांद्यात कुठे उतरते आणि पुढचा पाय नक्की कुठून निघतो, हे काही केल्या नीट येईना. मग एका सकाळी दिव्याखाली मरून पडलेला एक तपकिरी भुंगेरा दिसला. तो उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि काढायला बसले. दोन तास लागले. अंगाचे भाग एकमेकांना कसे जोडलेले असतात, हे त्या दोन तासांत मला तीन महिन्यांपेक्षा जास्त कळलं.

त्यामुळे कुणी विचारलं की मी कीटकांपासून सुरुवात करा असं सांगते. पण हे उत्तर सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. कुणाला काय हवंय, वेळ किती आहे, समोर काय उपलब्ध आहे, यावर ते बदलतं. म्हणून कीटकांची आणि मांजर-कुत्र्यासारख्या प्राण्यांची, अशा दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू.

सांगाडा बाहेर, सांगाडा आत

दोहोंतला मूळ फरक इथे आहे आणि बाकीचे बरेचसे फरक यातूनच निघतात.

कीटकाचं कवच हाच त्याचा सांगाडा. जे डोळ्यांना दिसतं, त्यानेच त्याचं अंग तोललेलं असतं. एक भाग कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो, पाय कुठे मुडपतो, सगळं उघड्यावर. डोकं, वक्ष आणि उदर हे तीन भाग. सहा पाय वक्षाला जोडलेले. पंख असले तर तेही वक्षालाच. एवढं पक्कं असलं की मुंगी असो वा नाकतोडा, कागदावर पहिली रेघ कुठे मारायची ते कळतं. पायाचीही रचना ठरलेली असते. अंगाजवळ दोन आखूड तुकडे, मग जाड मांडी, मग बारीक नडगी आणि टोकाला मण्यांच्या माळेसारखं पाऊल. नाकतोड्याची मागची मांडी एवढी फुगलेली का आणि त्याचं ढोपर पाठीच्याही वर का जातं, हे एकदा बघून काढलं की विसरत नाही.

प्राण्याचा सांगाडा आत असतो. त्यावर स्नायू, त्यावर चरबी, मग सैल कातडी आणि शेवटी केस. पाय दुमडून बसलेली मांजर बघा. दिसतो तो एक केसाळ गोळा. आत कण्याची कमान आहे, गुडघे पोटाशी आलेले आहेत, कोपरं छातीखाली आहेत, पण यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. बाह्यरेषा हुबेहूब उतरवली तरी चित्रातली मांजर उशीसारखी दिसते, कारण काढणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नसतं. थोडक्यात, प्राणी काढताना न दिसणाऱ्या गोष्टीही माहीत असाव्या लागतात.

सगळ्यांचीच गाडी जिथे अडते तो भाग म्हणजे मागचा पाय. कुत्र्याच्या मागच्या पायात जो ‘उलटा गुडघा’ दिसतो, ती खरं तर त्याची टाच आहे. खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कडेजवळ असतो आणि आपल्यासारखाच पुढे वाकतो. कुत्रा-मांजर बोटांवर चालतात. घोडा तर त्याहून पुढे गेलेला. त्याचा खूर म्हणजे एकाच बोटाचं नख, आणि त्या नखावर तो सगळा भार पेलतो. घोड्याच्या पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते त्याचं मनगट. हे समजून घ्यायला पुस्तक लागत नाही. चवड्यांवर उभं राहा, गुडघे किंचित वाकवा आणि आपल्या टाचेकडे बघा. कुत्र्याचा मागचा पाय तोच आहे, फक्त लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं.

माझ्या मांजरीचा पुढचा पाय का जमत नव्हता, तेही पुढे कळलं. आपल्या खांद्याला गळ्याजवळच्या हाडाचा आधार असतो. मांजर, कुत्रा, घोडा यांचा पुढचा पाय धडाला हाडाने पक्का जोडलेला नसतो; खांद्याचा फरा, म्हणजे खांद्याचं सपाट हाड, स्नायूंच्या झोळीत लटकलेला असतो. दबा धरून चालणाऱ्या मांजरीचे फरे पाठीच्या रेषेच्या वर आळीपाळीने उचललेले दिसतात, ते त्यामुळेच. म्हणजे पाय छातीच्या खालून निघत नाही, तो वर मानेच्या मुळापासून सुरू होतो. चित्रात पाय छातीखाली चिकटवले की खुर्चीचे पाय दिसतात.

हे ज्ञान कष्टाने मिळतं. जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने घोडा आतून समजून घ्यायला सुमारे १८ महिने मेलेल्या घोड्यांचं विच्छेदन करून थरामागून थर रेखाटले आणि त्यावरची चित्रमालिका १७६६ साली छापली. नवशिक्याला एवढं करायचं नाही, पण प्राण्याच्या वाटेवर हा अभ्यास कुठे ना कुठे करावा लागतोच.

कीटकांच्या वाटेवरही एक खड्डा आहे. भुंगेरा वरून बघितला की डोकं, मधला भाग आणि मागची मोठी ढाल असे तीन तुकडे दिसतात. नवशिका समजतो की मधला तुकडा म्हणजे अख्खं वक्ष, आणि सहाही पाय त्या तुकड्याला चिकटवतो. प्रत्यक्षात वरून दिसणारा मधला तुकडा वक्षाचा फक्त पहिला भाग असतो. उरलेलं वक्ष कडक पंखांच्या ढालीखाली झाकलेलं असतं आणि मधले-मागचे पाय तिथून निघतात. भुंगेरा उलटा करून पोटाकडून बघितला की लगेच उलगडा होतो. हीच कीटकाची मोठी सोय: शंका आली तर त्याला फिरवून, उलटवून बघता येतं. झोपलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ते जमत नाही.

समोर बसून राहणं

मेलेला कीटक हलत नाही. त्याला मारायची गरज नसते. खिडकीच्या कडेला, दिव्यांखाली, जाळीत अडकलेले सापडतात. एक मात्र सांभाळायचं. काही भुंगेऱ्यांच्या अंगातल्या द्रवाने त्वचेवर फोड येतात आणि केसाळ सुरवंटाने खाज सुटते, म्हणून ओळख पटल्याशिवाय उघड्या बोटांनी उचलू नका, चिमटा वापरा. वाळलेल्या कीटकाचे पाय पटकन तुटतात. झाकणाच्या डबीत ओलसर कापूस ठेवून त्यात एखादा दिवस ठेवला की सांधे सैल होतात आणि पाय हळूच पसरवता येतात. कीटक ओल्या कापसावर टेकू देऊ नका आणि जास्त दिवस ठेवू नका, बुरशी धरते.

जिवंत प्राणी मात्र पाच मिनिटं एका जागी राहील याची खात्री नाही. नवशिका इथे निराश होतो: डोकं काढून होतं तोवर कुत्रा कूस बदलतो. यावरचा उपाय मला फार उशिरा कळला. एका पानावर एकच चित्र काढायचंच नाही. कुत्रा हलला की ते अर्धवट सोडून शेजारी दुसरं सुरू करायचं, पुन्हा हलला की तिसरं. प्राणी त्याच त्याच ढबीकडे परत येतात. चरणारी गाय मान खाली घालते, वर करते, शेपटी झटकते, पुन्हा खाली घालते. ती पहिल्या ढबीत परत आली की पहिलं चित्र पुढे न्यायचं. अर्ध्या तासात पानावर पाच-सहा अपुरी चित्रं असतात आणि त्यातली दोन बोलकी निघतात.

म्हणजे कीटक सावकाश बघायला शिकवतो आणि प्राणी भराभर. दोन्ही लागतात. पण सावकाश बघायची सवय आधी लागली तर भराभर बघताना नेमकं काय टिपायचं ते कळतं. उलट क्रमाने जाणाऱ्यांची रेघ बराच काळ चुळबुळी राहते, असं मी पाहिलं आहे.

प्रत्यक्ष बघण्यावर मी एवढा भर का देते, ते सांगायला आल्ब्रेख्त ड्युरर या जर्मन चित्रकाराची दोन चित्रं पुरेशी आहेत. १५०५ साली त्याने शिंगांसारखे जबडे असलेला एक भुंगेरा जलरंगात काढला. आजही तो कागदावरून चालत जाईल असं वाटतं. पायांचे सांधे, कागदावर पडलेली सावली, उचललेलं डोकं, सगळं बघून काढलेलं. दहा वर्षांनी, १५१५ मध्ये, लिस्बनला एक भारतीय गेंडा जहाजातून उतरला. ड्युररने तो पाहिला नव्हता. कुणीतरी पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन यांवरून त्याने गेंडा काढला आणि लाकडी ठशावरून छापला. त्यात गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत आणि मानेमागे एक जादा छोटं शिंग आहे. हात तोच, कसब तेच. फरक समोर काय होतं एवढाच.

मोठं करणं आणि लहान करणं

या फरकाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कीटक काढताना आपण त्याला मोठा करतो. दोन सेंटिमीटरचा भुंगेरा कागदावर बारा सेंटिमीटरचा काढायचा तर तो सहापट झाला. मोठं करताना प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यावं लागतं: मिशांना किती मणी आहेत? नडगीवर काटे आहेत का? साधं दहापटीचं भिंग इथे फार उपयोगी पडतं. पट ठरलेली असल्यामुळे मोजणंही सोपं. कागदाच्या कपट्याच्या कडेवर कीटकाची लांबी, ढालीची रुंदी, डोक्याची रुंदी अशा खुणा करायच्या आणि सहाने गुणायच्या. चित्राखाली खऱ्या लांबीची छोटी रेघ मारून ठेवली तर पुढे बघणाऱ्यालाही मूळ आकार कळतो. कीटकांची शास्त्रीय चित्रं काढणारे अशी रेघ देतातच.

घोडा काढताना नेमकं उलटं. दोन-अडीच मीटरचा जीव वीत-दीड वितीत बसवायचा. इथे सोडून काय द्यायचं हा प्रश्न असतो. सगळे केस काढता येत नाहीत, सगळे स्नायू दाखवले तर घोडा सोललेला वाटतो. मोजण्याचं साधनही वेगळं. हात पूर्ण ताठ करून पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि डोक्याची लांबी पेन्सिलीवर अंगठ्याने धरून ती अंगाच्या लांबीत किती वेळा बसते ते बघायचं. घोड्याचं अंग त्याच्या डोक्याच्या साधारण अडीच पट लांब भरतं. हात कोपरात वाकला की माप बदलतं, म्हणून हात ताठच हवा.

काय सोडायचं हे ठरवणं ही मोठी अवघड विद्या आहे. ती पहिल्याच दिवशी मागण्यापेक्षा, सगळं काढून बघण्याची मुभा देणारा कीटक नवशिक्याला सोपा जातो.

चमक आणि केस

छायांकनात, म्हणजे छटांनी उजेड-सावली दाखवण्यात, दोन्हींची परीक्षा वेगवेगळी आहे.

भुंगेऱ्याची पाठ घुमटासारखी असते. एका बाजूने उजेड ठेवला की उजळ जागा, मधली छटा, गडद भाग, कडेला कागदावरून परत आलेला अंधुक उजेड आणि खाली पडलेली सावली हे सगळं एका घुमटावर वाचता येतं. कवच चकचकीत असेल तर उजळ आणि गडद यांच्यातली सीमा धारदार असते. ती चमक खोडरबराने मागाहून काढण्यापेक्षा पहिल्यापासून कोरा कागद सोडून ठेवणं बरं. नवशिके काळा भुंगेरा सगळीकडे सारखा काळा करतात आणि मग तो छिद्रासारखा दिसतो. काळ्या कवचावरही उजळ जागा असतेच. ती बारीक करा, पण ठेवा.

कीटकाच्या डोळ्यात बाहुली काढू नका. त्याचा मोठा डोळा शेकडो, काही जातींत हजारो नेत्रकांचा, म्हणजे इवल्या इवल्या डोळ्यांचा बनलेला असतो. ते सगळे जाळीसारखे काढायचा मोहही टाळा. गुळगुळीत घुमट, त्यावर एक चमक, एवढं पुरतं.

केसांचं प्रकरण मोठं आहे आणि इथेच सर्वांत जास्त पेन्सिली झिजतात. पहिली चूक म्हणजे केसापासून सुरुवात करणं. केस हा शेवटचा थर. त्याआधी अंगाची गोलाई हलक्या छटांनी उभी राहायला हवी. डोळे किंचित मिटून बघितलं की केस दिसेनासे होतात आणि उजेड-सावलीचे मोठे पट्टे उरतात, ते आधी काढायचे. मग केसांची दिशा. यासाठी वेगळ्या कागदावर प्राण्याची नुसती बाह्यरेषा काढून त्यावर बाणांनी नकाशा करावा. नाकापासून वर कपाळाकडे, तिथून कानांच्या मधून मानेवर, गालांवर मागच्या बाजूला, पायांवर खाली. कुठे भोवरा असतो, कुठे दोन दिशा भेटतात. लांबीही बदलते: नाकाजवळ अगदी आखूड, गळ्याखाली लांब. दिशा चुकली तर सुंदर काढलेले केसही टोपीसारखे वर बसलेले दिसतात.

मग तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत उपयोगी वाटली: केस काढायचे नाहीत, केसांमधल्या सावल्या काढायच्या. पेन्सिल टेकवताना दाब, उचलताना हलकी, म्हणजे रेघ टोकाला निमुळती होते. अशा रेघांनी दोन झुबक्यांमधला गडद भाग भरला की न काढलेले केस आपोआप पुढे येतात. आणि सगळ्या अंगावर हे करायचं नाही. उजेडाचा भाग सावलीत वळतो तिथे आणि बाह्यरेषेवर थोडे केस दाखवले तरी डोळा बाकीचं भरून घेतो. पांढऱ्या मांजरीच्या बाबतीत तर फक्त सावल्याच काढायच्या असतात.

मिश्यांसाठी एक युक्ती. छायांकन करण्याआधी बोथट सुईने किंवा रिकाम्या रिफिलने कागदावर मिश्यांच्या जागी दाबून रेघ ओढायची. वरून पेन्सिल फिरवली की त्या खोबणीत ग्राफाइट जात नाही आणि मिशी पांढरी राहते. एकदा खोबण पडली की ती बुजत नाही, म्हणून आधी रद्दी कागदावर सराव करावा.

प्राण्याच्या डोळ्यात मात्र जीव असतो आणि तो जमला की बाकी चुका माफ होतात. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, म्हणून डोळ्याचा वरचा भाग गडद. मांजरीची बाहुली उभी चीर, शेळी-मेंढी-घोड्याची आडवी, कुत्र्याची गोल. शेळीला गोल बाहुली दिली तर ती अनोळखी दिसते, आणि बघणाऱ्याला का ते सांगता येत नाही.

कोणत्या पद्धतीने शिकायचं

इथे तीन वाटा आहेत: चौकटी पाडून उतरवणं, गोल-लंबगोलांनी बांधणं आणि समोर बघून सरळ काढणं.

चौकटींची पद्धत सगळ्यांत लवकर देखणं चित्र देते. फोटोवर आणि कागदावर सारख्या संख्येच्या चौकटी पाडायच्या आणि एकेक चौकट उतरवायची. फुलपाखराच्या पंखांवरची नक्षी यासाठी ती उत्तम आहे. पण तिच्यावर विसंबून राहणाऱ्याला फोटोशिवाय काहीच काढता येत नाही, कारण तो सपाट तुकडे उतरवतो, प्राणी उतरवत नाही. मी ती वेगळ्या कामासाठी वापरते. आधी नजरेने चित्र काढायचं आणि मग फोटोवर आणि चित्रावर चौकटी असलेला पारदर्शक कागद ठेवून कुठे चुकलं ते शोधायचं. दर वेळी तीच चूक सापडते. कुणाचं डोकं नेहमी मोठं होतं, कुणाचे पाय नेहमी आखूड. स्वतःची चूक एकदा ओळखली की ती पेन्सिल टेकवण्याआधीच आठवते.

गोल-लंबगोलांची पद्धत प्राण्यांना जास्त फळते. बरगड्यांचा पिंजरा म्हणजे एक अंडं, कमरेचा भाग दुसरं, डोकं तिसरं, आणि त्यांना जोडणारी कण्याची एक वाहती रेघ. नेहमीची चूक म्हणजे दोन्ही अंडी सारख्या आकाराची काढणं. बरगड्यांचं अंडं मोठं असतं आणि पोट मागे जाताना वर चढतं. हे सुटलं की कुत्रा लाटण्यासारखा सरळ होतो. कीटकांसाठी हीच पद्धत अजून सोपी: मधून एक अक्षरेषा, तिच्यावर तीन लंबगोल, दोन्ही बाजूंना समान अंतरावर पायांची मुळं.

फोटो की प्रत्यक्ष, याबद्दल माझं मत कीटक आणि प्राणी यांच्यासाठी वेगळं आहे. कीटक शक्यतो प्रत्यक्षच काढावा. जवळून घेतलेल्या फोटोत एक पातळ पट्टीच स्पष्ट येते. डोकं नीट दिसलं तर मागचे पाय धूसर. प्राण्यांच्या बाबतीत फोटो टाळता येत नाही, आणि काही गोष्टी तर फक्त फोटोतच दिसतात. घोडा चौखूर उधळताना त्याचे पाय नेमके कुठे असतात, हे छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने १८७८ साली ओळीने कॅमेरे लावून दाखवलं. तोवर चित्रकार घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून त्याला हवेत तरंगवत असत. प्रत्यक्षात चारही पाय जमिनीवरून सुटतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

फोटो स्वतः काढत असाल तर फोन कुत्र्याच्या तोंडाजवळ नेऊ नका. जवळून घेतलेल्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. चार पावलं मागे जाऊन झूम करा.

साहित्य

यात निवडीला फारसं काही नाही. शिसपेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती असते. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकट, कमी तर मऊ आणि गडद. फ्रान्समध्ये निकोला-जाक कोंते यांनी १७९५ साली या मिश्रणाचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून हव्या त्या कडकपणाची पेन्सिल करता येऊ लागली. पेन्सिलीवरचं एच म्हणजे कडक, बी म्हणजे मऊ. एचबी, २बी आणि ४बी एवढ्यावर वर्ष निघतं. कीटकांसाठी एक २एच जोडा, बारीक सांधे आणि पंखांच्या शिरा तिने स्वच्छ येतात. प्राण्यांसाठी ६बी जोडा. कीटकाला गुळगुळीत कागद, केसाळ प्राण्याला किंचित खरखरीत. मळून आकार देता येणारं मऊ खोडरबर दोन्हींना हवं. बोटाने छटा पुसून एकजीव करायची सवय लावून घेऊ नका. बोटाच्या तेलाने कागदावर डाग पडतात आणि केसाळ प्राणी धुरकट होतो.

तरीही प्राणी का निवडावा

आतापर्यंत तराजू कीटकांकडे झुकला, पण प्राण्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. कीटकाच्या चित्रात मांडी थोडी लांब झाली तर ते जाणकारालाच कळतं. कुत्र्याचा चेहरा चुकला तर लहान मूलही सांगतं. म्हणजे प्राणी काढणाऱ्याला चूक ताबडतोब कळते आणि सुधारायची संधी मिळते. दुसरं, ज्याला रोज समोर दिसणाऱ्या, जीव लावलेल्या कुत्र्याचंच चित्र हवंय, त्याला भुंगेऱ्यात दोन महिने अडकवून ठेवणं बरोबर नाही. ओढ असेल तर माणूस चुकत चुकत का होईना, वही भरतो. कीटकांची किळस येणारेही असतात. त्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये. शंख, शिंपला किंवा गळून पडलेलं पीस घ्यावं, हलत नाही आणि फिरवून बघता येतं, हे दोन्ही गुण त्यातही आहेत.

ज्यांना आठवड्यातून एकच सलग बैठक मिळते, त्यांनी कीटक घ्यावा. एका बैठकीत काहीतरी पूर्ण झाल्याचा आनंद मिळतो. रोज दहाच मिनिटं मिळत असतील तर प्राण्यांची झटपट रेखाटनं चांगली, कारण ती दहा मिनिटांतच होतात. लहान मुलांना मी कीटकच देते. सहा पाय मोजायला त्यांना आवडतं, आणि कोळ्याला आठ पाय म्हणून तो कीटक नाही, हे ती आयुष्यभर लक्षात ठेवतात.

कीटक निवडलात तर पहिला फुलपाखरू घेऊ नका. सगळे तेच घेतात, पण पंखांची नक्षी अंगाची रचना झाकून टाकते आणि शेवटी रांगोळी काढल्यासारखं होतं. शिवाय बऱ्याच फुलपाखरांचे पुढचे दोन पाय इतके आखूड आणि अंगाशी मिटलेले असतात की चारच पाय दिसतात आणि नवशिका गोंधळतो. चतुरही नंतर, त्याच्या पंखांच्या शिरा संयम संपवतात. भुंगेरा पहिला, वरून. मग तोच बाजूने, मग उलटा. त्यानंतर नाकतोडा, कारण त्याचे सांधे मोठे आणि स्पष्ट असतात. गांधीलमाशी तिसरी, तिच्या बारीक कमरेसाठी.

असे दहा-बारा कीटक झाले की प्राण्याकडे वळा. पहिला कुत्रा झोपलेला, कुशीवर, पाय पसरलेला निवडा, आखूड केसांचा. खांद्याचा फरा, कोपर, मनगट, मागे कमरेचं हाड, गुडघा, टाच या सहा जागा कातडीखालून उंचवट्यासारख्या दिसतात. केसांना हात न लावता आधी तेवढे सहा ठिपके कागदावर मांडा आणि त्यांना भुंगेऱ्याच्या पायाचे तुकडे जोडावेत तसे जोडा.